प्रकाशाने मोजलेली नाडी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगारवाढ, बोनस आणि टाळेबंदी यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. त्यामुळे आजचा विषय फलकावर वाचून काहींना नवल वाटले असेल. मनगटावर घड्याळासारखा पट्टा बांधायचा, कातडीला सुई टोचायची नाही, छातीला तारा चिकटवायच्या नाहीत, आणि केवळ उजेडाच्या साहाय्याने हृदयाचे ठोके मोजायचे, ही गोष्ट आता आपल्या घरांत रुळली आहे. सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या मनगटावर ती असते, आणि आता काही कारखान्यांत व गोदामांत ती कामगारांच्या मनगटावरही दिसू लागली आहे.

मी डॉक्टर नव्हे आणि इंजिनियरही नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयांत आणि कामगारांच्या संगतीत. तेव्हा विद्वत्तेचा दावा न करता, जे समजून घेतले ते आपल्यापुढे ठेवतो. हे समजून घेणे मी आमच्या संघटनेचे कामच मानतो. तराजू न कळता माल विकणाऱ्या शेतकऱ्याची जी गत होते, तीच माप न कळता श्रम विकणाऱ्याची होते. म्हणून आज तीन गोष्टी सांगणार आहे. हे माप कसे घेतले जाते, ते कुठे चुकते, आणि ते कुणाच्या हाती असावे.

नाडी पाहणे आपल्याकडे नवे नाही. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे. साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीची उपमा त्यात नाडीच्या चालीला दिली आहे. म्हणजे वैद्याची बोटे ठोक्यांची संख्या नव्हे, तर त्यांची चाल ओळखत. संख्या काढायची तर हाताशी वेळ मोजण्याचे साधन पाहिजे. इटलीतील पादुआचा वैद्य सांक्तोरिओ याने सतराव्या शतकाच्या आरंभी त्यासाठी लंबक वापरला. दोरी लांब-आखूड करून लंबकाचा झोका रोग्याच्या नाडीशी जुळवायचा. जुळला की दोरीची लांबी हेच नाडीचे माप. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन फ्लॉयर याने १७०७ साली बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ घेऊन नाडी मोजण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे याने १८६० साली मनगटावर एक हलकी तरफ बसवली आणि नाडीची रेघ काजळलेल्या कागदावर उमटवून घेतली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील आइन्थोव्हेन याने हृदयातील विजेचा आलेख काढला. त्यालाच आपण कार्डिओग्राम म्हणतो. या कार्याबद्दल त्याला १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता उजेडाकडे येऊ. लहानपणी आपण सर्वांनी एक खेळ केलेला आहे. अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या काचेवर बोटे मिटून धरायची. बोटे आतून निखाऱ्यासारखी लाल दिसतात. उजेड हाडामांसातून आरपार येतो, हे त्या वेळी आपण पाहिलेच होते. त्या लाल उजेडात एक बारीक थरथर असते, ती मात्र डोळ्यांना दिसत नाही. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची लाट धमन्यांतून बोटाच्या टोकापर्यंत जाते, तेथल्या बारीक वाहिन्या क्षणभर फुगतात, आणि पुन्हा ओसरतात. वाहिनी फुगली म्हणजे उजेडाच्या वाटेत रक्त अधिक आले. रक्त अधिक आले म्हणजे उजेड अधिक गिळला गेला. म्हणून पलीकडे पोचणारा उजेड किंचित मंद होतो. लाट ओसरली की तो पुन्हा किंचित वाढतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एकदा मंद आणि एकदा तेज, इतकीच काय ती युक्ती.

ही युक्ती शास्त्रीय रीतीने मांडणाऱ्यांत अमेरिकेतील सेंट लुइस विद्यापीठाचे आल्रिक हर्ट्झमन यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १९३७ साली हातापायांच्या बोटांवर प्रकाशाचे असे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या पद्धतीचे नाव मोठे लांबलचक आहे, 'फोटोप्लेथिस्मोग्राफी'. ग्रीक शब्दांची फोड केली तर अर्थ साधा निघतो: भरतीची प्रकाशाने काढलेली नोंद. समुद्राला जशी भरती-ओहोटी, तशी बोटातल्या रक्ताला मिनिटाला साठ-सत्तर वेळा भरती-ओहोटी.

मनगटावरच्या पट्ट्याची तळबाजू पाहा. तेथे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. हिरवेच का? तर रक्त तांबडे दिसते याचा अर्थच असा की ते हिरवा उजेड गिळते आणि तांबडा परत करते. म्हणून हिरव्या उजेडात रक्ताची भरती अधिक ठळक उमटते. शिवाय हिरवा उजेड कातडीत फार खोल जात नाही. वरच्यावर, एखाद्या मिलिमीटरच्या आतबाहेर, आपले काम करून परततो. त्या दिव्याशेजारी उजेड टिपणारा एक लहानसा कण बसवलेला असतो. परत आलेला उजेड तो सेकंदाला कित्येक वेळा मोजतो. मधल्या क्षणी दिवा विझलेला असतो. त्या वेळी आत शिरलेला उन्हाचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड मोजून तो वजा केला जातो. उरलेल्या चढउतारांतून दोन लाटांमधले अंतर काढायचे आणि त्यावरून मिनिटाचे ठोके ठरवायचे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. परत येणाऱ्या उजेडातला फार मोठा भाग कातडी, मांस, हाड आणि स्थिर रक्त यांचा असतो. नाडीमुळे बदलणारा भाग शंभरात एखाद-दुसरा. दुकानदाराच्या शंभर रुपयांच्या गल्ल्यात रुपया-दीड रुपया इकडेतिकडे होतो, आणि त्यावरून मागच्या खोलीत काय चालले आहे ते सांगायचे, अशातला हा प्रकार आहे. यंत्र हृदयाकडे पाहत नाही, त्याची वीजही मोजत नाही. मनगटाच्या कातडीखाली उजेडाचे काय झाले, एवढेच त्याला ठाऊक असते. पट्ट्यावर उमटणारा आकडा म्हणजे त्यावरून काढलेले अनुमान होय.

हे अनुमान किती उपयोगी ठरू शकते, याची एक सुंदर हकिगत आहे. जपानमधील निहोन कोहदेन या कंपनीत ताकुओ आओयागी नावाचे इंजिनियर काम करीत. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत ते एका वेगळ्याच प्रश्नाशी झगडत होते. रक्तात एक रंग टोचून, कानाच्या पाळीतून उजेड पाठवून, हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते ते त्यांना काढायचे होते. पण नाडीच्या लाटा मध्ये येऊन त्यांची रेघ बिघडवीत. ही अडचण दूर करण्यासाठी त्यांनी दोन रंगांचे उजेड वापरले आणि एकाने दुसऱ्याची लाट खोडून काढली. मग त्यांच्या ध्यानात आले की रक्तातला प्राणवायू कमी झाला की हे खोडणे जमत नाही. कारण प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू गमावलेले रक्त हे दोन उजेड वेगवेगळ्या प्रमाणात गिळतात. ज्या लाटेला ते अडथळा समजत होते, तिच्यातच प्राणवायूचे माप दडलेले होते. १९७४ साली त्यांच्या कंपनीने त्यावर पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण ज्याला ऑक्सिमीटर म्हणतो त्याचा हा जन्म. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या माणसाचे ओठ निळे पडण्यापूर्वी इशारा देणारे हे साधन असंख्य जीव वाचवीत आले आहे. आओयागी २०२० सालच्या एप्रिलमध्ये वारले. कोरोनाच्या साथीत त्यांची कल्पना जगातल्या खेड्यापाड्यांत पोचत होती, त्याच दिवसांत.

आपल्या महाराष्ट्रातही ती पोचली. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आशा सेविका आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन माणसांचा ताप आणि बोटातला प्राणवायू पाहू लागले. आकडा पंचाण्णवच्या खाली गेला की घरातल्या माणसांचा जीव खालीवर होई. खाट मिळवण्याची धावपळ त्या आकड्यावर ठरे. चिमट्याएवढ्या यंत्रावर माणसाचे असे भवितव्य लटकलेले आपण सर्वांनी पाहिले आहे.

आणि नेमके त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक लेख प्रसिद्ध केला. ऑक्सिमीटर ब्याण्णव ते शहाण्णव दाखवीत होता अशा रोग्यांच्या धमनीतले रक्त काढून त्यांनी खरा प्राणवायू तपासला. गोऱ्या रोग्यांच्या अशा तपासण्यांत शेकडा ३.६ वेळा तो अठ्ठ्याऐंशीच्याही खाली निघाला. काळ्या रोग्यांच्या बाबतीत हे प्रमाण शेकडा ११.७ होते, म्हणजे तिपटीहून अधिक. यंत्र 'ठीक आहे' म्हणत होते, आणि माणूस आत गुदमरत होता.

याचे कारण काय? कातडीतले काळसर द्रव्य, मेलॅनिन, तेही उजेड गिळते. ऑक्सिमीटरला उजेडाच्या मंद होण्यावरून प्राणवायूचे प्रमाण काढावे लागते, आणि त्यासाठी निरोगी माणसांवर प्रयोग करून तयार केलेले एक कोष्टक त्याच्या पोटात असते. ते कोष्टक प्रामुख्याने गोऱ्या कातडीच्या माणसांवरून बेतलेले असले, तर ते काळ्या माणसाला तंतोतंत कसे लागू पडणार? ही शंका काही २०२० साली प्रथम आली नव्हती. १९९० साली आणि पुन्हा २००५ साली अमेरिकेतल्याच संशोधकांनी तिच्याकडे लक्ष वेधले होते. तरीही २०१३ साली तेथील औषध प्रशासनाने जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात किमान दहा माणसांवर चाचणी घ्यावी आणि त्यांत किमान दोन जण गडद वर्णाचे असावेत, एवढेच सांगितले होते. दहांत दोन! २०२५ च्या जानेवारीत त्याच खात्याने नवा मसुदा प्रसिद्ध केला आणि दीडशे किंवा अधिक माणसांवर, सर्व वर्णांचा समावेश करून, चाचणी घेण्याचे सुचवले. पहिल्या इशाऱ्यापासून या मसुद्यापर्यंत पस्तीस वर्षे गेली.

येथे कुणी म्हणेल, म्हणजे हे पट्टे काळ्यासावळ्या माणसाची नाडीही चुकीचीच मोजत असणार. तसे सरसकट म्हणता येत नाही, आणि सभेत टाळ्या मिळतात म्हणून मी ते म्हणणार नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०२० सालीच त्रेपन्न माणसांवर एक तपासणी केली. निरनिराळ्या वर्णांच्या माणसांना मनगटी पट्टे बांधले आणि त्यांचे आकडे कार्डिओग्रामशी ताडून पाहिले. ठोक्यांच्या संख्येत कातडीच्या रंगामुळे म्हणावा असा फरक त्यांना आढळला नाही. याचे कारण सोपे आहे. प्राणवायू काढायला उजेड किती मंद झाला हे नेमके कळावे लागते. ठोके मोजायला तो केव्हा मंद झाला एवढे कळले तरी पुरते. पण त्यांना दुसरे दोन फरक आढळले. एक, पट्ट्यापट्ट्यांत फरक होता. दुसरा आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा: माणूस बसलेला असताना जितकी चूक होते, तिच्याहून तो हालचाल करीत असताना सरासरीने तीस टक्के अधिक चूक होते.

असे का होते ते पाहा. हात हलला की पट्टा कातडीवर सरकतो, त्याखाली बाहेरचा उजेड शिरतो, शिरांमधले रक्त हिंदकळते. या सर्वांमुळे उजेडात होणारा बदल नाडीच्या बदलाहून कितीतरी मोठा असू शकतो. यंत्रात हालचाल मोजणारा आणखी एक भाग बसवलेला असतो, आणि त्याच्या आधाराने ही गडबड वजा करण्याचा प्रयत्न होतो. पण हाताची हालचाल ठेक्यात होत असेल, आणि तो ठेका नाडीच्या जवळपास असेल, तर यंत्राला कुणाचा ठेका कुठला ते उमगत नाही. मग ते नाडीऐवजी हालचालच मोजू लागते.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका ओतशाळेत उन्हाळ्यात कंत्राटी कामगारांना असे पट्टे बांधले होते. ओतलेल्या नगांचे कंगोरे छिन्नी-हातोड्याने उडवण्याचे काम चालू होते. काम चालू असता एका गड्याच्या पट्ट्यावर चौऱ्याऐंशी ठोके दिसत होते. त्याने हातोडा ठेवताक्षणी आम्ही त्याची नाडी बोटांनी धरून घड्याळावर मोजली, ती एकशे अठरा भरली. पट्टा हातोड्याचे घाव मोजत होता! त्याच्या छातीतला घाव त्याला ऐकूच आला नव्हता.

आता कामगाराचा हात नजरेसमोर आणा. त्याच्या बोटांना घट्टे पडलेले असतात. बर्फाच्या कारखान्यात किंवा मासळीच्या शीतगृहात काम करणारीचा हात गारठलेला असतो, आणि गारठ्याने बोटांतल्या वाहिन्या आकसल्या की भरतीच बारीक होते. आपल्या आयाबहिणींच्या मनगटावर गोंदण असते. गोंदणाची शाई उजेड अडवते. घामाने पट्टा निसटतो. आणि मुख्य म्हणजे हा हात थांबत नाही. या यंत्राला सर्वांत मानवणारा हात कोणता? तर खुर्चीच्या दांडीवर निवांत ठेवलेला, उबदार, कोरडा हात. ज्याला हृदयाची सर्वांत कमी काळजी करावी लागते त्याचे माप उत्तम, आणि जो उन्हात पोती उचलतो त्याचे माप कच्चे, असा हा उलटा व्यवहार आहे.

मग ही विद्या टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. हृदयाचे ठोके हे श्रमाचे फार प्रामाणिक माप आहे. तोंडाने माणूस 'झेपतंय' म्हणेल, पण नाडी खोटे बोलत नाही. उष्णतेत काम करताना एकीकडे स्नायूंना रक्त लागते आणि दुसरीकडे शरीर थंड ठेवण्यासाठी कातडीकडे रक्त धाडावे लागते. दोन्ही मागण्या पुरवताना हृदयाची ओढाताण होते, आणि ती ठोक्यांत उतरते. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने यावर एक सोपा ठोकताळा दिला आहे. एकशे ऐंशीतून वय वजा करा. निरोगी हृदयाच्या माणसाचे ठोके काही मिनिटे सतत त्या आकड्याच्या वर राहिले, तर त्याचे त्या उष्णतेतले काम थांबवावे. चाळिशीच्या माणसाला ही मर्यादा एकशे चाळीस, पन्नाशीच्या माणसाला एकशे तीस.

याहूनही कामाची रीत ल्यूसियन ब्रूहा या शरीरशास्त्रज्ञाने सांगितली. उद्योगधंद्यांतील शरीरशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. काम थांबवून कामगाराला बाकावर बसवायचे आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या मिनिटाच्या उत्तरार्धात, तीस-तीस सेकंद, त्याची नाडी मोजायची; दुप्पट केली की मिनिटाचे ठोके. पहिल्या मिनिटाचा आकडा सरासरीने एकशे दहाच्या आत असेल, आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत तो निदान दहाने उतरत असेल, तर कामाचा भार झेपण्यासारखा आहे. नाडी उतरत नसेल, तर काम किंवा उष्णता शरीराला जड जात आहे. दिवस सरत जाईल तसतशी ती उतरायला अधिक वेळ घेऊ लागली, तर मधली विश्रांती अपुरी आहे.

मित्रहो, या रीतीला यंत्र लागत नाही. एक बाक, भिंतीवरचे घड्याळ आणि शेजाऱ्याची दोन बोटे पुरतात. आणि यंत्र वापरायचेच असेल, तर ते ज्या क्षणी सर्वांत खरे बोलते तो हाच क्षण आहे. कारण माणूस बसलेला आहे आणि हात थांबलेला आहे. शरीराचे शास्त्र आणि उजेडाचे शास्त्र ही दोन्ही येथे एकाच गोष्टीपाशी येऊन पोचतात: नाडी खरी मोजायची असेल तर आधी काम थांबवले पाहिजे. राबत्या हाताचे दिवसभर घेतलेले हजारो आकडे एका पारड्यात आणि विसाव्याच्या तीन मिनिटांतले तीन आकडे दुसऱ्यात घातले, तर मी दुसरे पारडे उचलीन.

पण प्रश्न केवळ मापाच्या खरेपणाचा असता तर तो इंजिनियरांवर सोपवून मी घरी बसलो असतो. ज्या ओतशाळेचा मी उल्लेख केला, तेथे पट्टे सुरक्षिततेसाठी म्हणून आणले होते. पहिल्या आठवड्यात ज्यांचे आकडे वर गेले त्यांतल्या काहींना कंत्राटदाराने 'उद्यापासून येऊ नको' असे सांगितले. भट्टीशेजारी पंखा बसला नाही, पाण्याचा माठ जवळ आला नाही, पाळीत विसावा वाढला नाही. फक्त माणसे बदलली. मग उरलेले गडी पट्टा सैल बांधायला शिकले. ज्या मापाने हंडी चढते त्या मापाला माणूस जपतो. ज्या मापाने ती उतरते त्या मापाला तो चुकवतो. यात त्याचा दोष नाही.

इतिहासात असे पूर्वी घडले आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने कामगारामागे घड्याळ घेऊन उभे राहण्याचे शास्त्र काढले. १९११ च्या ऑगस्टमध्ये मॅसेच्युसेट्स राज्यातील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी त्या घड्याळाविरुद्ध काम बंद केले. त्याची चौकशी तेथील काँग्रेसपर्यंत गेली. पुढे सरकारी शस्त्रागारांत घड्याळ लावून कामगाराचे काम मोजण्यावर काँग्रेसने पैशाच्या मंजुरीत मनाईचे कलम घातले, आणि ते बरीच वर्षे टिकले. घड्याळ हातांवर नजर ठेवीत होते. आजचा पट्टा कातडीच्या आत पाहतो.

आपल्या मुंबईचीही आठवण करून देतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाचा विसावा होता. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. त्या काळी नाडीचा आलेख कुणी काढला नव्हता. कामगाराने 'थकलो' म्हटले, ते संघटनेने हजारो तोंडांनी म्हटले, आणि ते मान्य करावे लागले. आज नवे यंत्र आल्यामुळे कामगाराच्या शब्दापेक्षा त्याच्या मनगटावरचा आकडा मोठा ठरणार असेल, आणि तो आकडाही कच्चा असेल, तर आपण पुढे गेलो की मागे, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

कायद्याकडे पाहावे तर संसदेने २०२३ साली व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. मूळ तत्त्व चांगले आहे: ज्याची माहिती त्याची संमती. पण ज्या कामांसाठी संमतीवाचून माहिती वापरता येते त्यांची यादी सातव्या कलमात आहे, आणि तिच्यात नोकरीसंबंधीची प्रयोजनेही आहेत. कामगाराची नाडी या दारातून आत घेतली जाऊ शकते. म्हणून हा प्रश्न करारात, वाटाघाटींच्या टेबलावर, आपण स्वतः मांडला पाहिजे.

मांडायचे काय? मला पाच गोष्टी सुचतात. पट्टा काय मोजतो आणि आकडे कुठे जातात, हे कामगाराला त्याच्या भाषेत सांगावे. आकडा प्रथम त्याला दिसावा, मग त्याच्या संमतीने डॉक्टरला, आणि मुकादमाला कधीच नव्हे. त्या आकड्यावरून पगार, बढती किंवा कपात ठरू नये. आकडा चढला तर बदल कामात व्हावा, माणसांत नव्हे. यंत्र वापरण्यापूर्वी त्याच खात्यात, त्याच माणसांवर, बोटांनी मोजलेल्या नाडीशी किंवा कार्डिओग्रामशी ते ताडून पाहावे. आणि जो पट्टा बांधायला नकार देईल त्याला शिक्षा होऊ नये. यांतली एकही मागणी विज्ञानाच्या विरुद्ध नाही. किंबहुना चौथी मागणी तर शुद्ध विज्ञानाचीच आहे. ती वेळीच मान्य झाली असती तर ऑक्सिमीटरच्या चुकीच्या पहिल्या इशाऱ्यापासून नव्या मसुद्यापर्यंत पस्तीस वर्षे लागली नसती.

आपणांपैकी पुष्कळ जण कारखान्यात काम करीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या मनगटावर हे यंत्र आहे, आणि आपल्या मुलाबाळांच्या नोकऱ्यांतही ते उद्या येईल. विमा कंपनी मागेल, कचेरी मागेल. तेव्हा घरी गेल्यावर एक प्रयोग अवश्य करावा. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून घड्याळावर मिनिटभर नाडी मोजावी, आणि मग पट्ट्याचा आकडा पाहावा. जिना चढून आल्यावर पुन्हा तसेच करावे. दोन आकडे किती जुळतात आणि कुठे जुळत नाहीत, हे स्वतःच्या बोटांनी कळेल. ज्याला आपली नाडी स्वतः मोजता येते, त्याला तिच्याविषयी दुसऱ्याने सांगितलेला आकडा मुकाट्याने मान्य करावा लागत नाही.